चांगल्या पिंपातलं

त्या वासाला तिघांनी तीन नावं दिली होती. मालक रामकिसनभाऊ त्याला घोडीचा वास म्हणत, कारण त्यांच्या लहानपणी घरी घोडी होती. पिंपं धुणाऱ्या साळूबाईला तो पावसात भिजलेल्या शेळीचा वाटे. आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या प्रियदर्शनीला तो जखमेवरून नुकत्याच सोडवलेल्या पट्टीचा वाटायचा. तिघांचंही बरोबर होतं. लाल वाइन नासते तेव्हा तिला असाच वास येतो, आणि गेली तीन वर्षं पिंपांच्या खोलीचं दार उघडलं की तो आधी भेटायला यायचा.

जालन्यापासून पाऊण तासावर, द्राक्षांच्या मळ्यात, पत्र्याची एक लांबट शेड होती. आत स्टीलच्या टाक्या, मागे जमिनीत अर्धी पुरलेली लाकडी पिंपांची खोली, आणि कोपऱ्यात काचेच्या दारामागे प्रियदर्शनीची प्रयोगशाळा. गावात सगळे त्या शेडला ज्यूसची कंपनी म्हणत. प्रियदर्शनीच्या सासूबाई, तुळजाबाई, जालन्यात आपल्या गल्लीत हेच सांगत. "आमची सून ज्यूसच्या कंपनीत साहेब हाय." एका उन्हाळ्यात शेजारणीने दोन बाटल्या मागितल्या, तेव्हा तुळजाबाई जरा अडखळल्या आणि म्हणाल्या, "ह्या वर्षी ज्यूस नासला बाई." संध्याकाळी ही हकिकत ऐकून प्रियदर्शनी बराच वेळ हसत राहिली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की सासूबाई खोटं बोललेल्या नाहीत.

प्रियदर्शनी मूळची केदारखेड्याची. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर जालन्यात एका बियाणं कंपनीत लागली. तिथे काम एकच: ओल्या कागदावर बिया मांडायच्या आणि किती उगवल्या ते बघायचं. उगवलेलं इकडे, न उगवलेलं तिकडे. पुढे लग्न झालं, नवरा हरिओम वाळूजच्या कारखान्यात, आठवड्याच्या सुटीला घरी येणारा. रामकिसनभाऊंनी वाइन सुरू केली आणि त्यांना प्रयोगशाळा सांभाळणारं माणूस हवं आहे असं कळलं, तेव्हा तिने मागचापुढचा विचार केला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काहीतरी हलताना, वाढताना बघायला मिळेल, एवढंच तिला हवं होतं.

ते मिळालं. पण जे सगळ्यात जास्त बघायला मिळालं, ते बघायची इच्छा नव्हती.

वाइन करणारी यीस्ट तिला आवडायची. द्राक्षाच्या रसात पडली की आठवडाभर खोलीला ताज्या पावाचा वास देते, साखर खाते, तिची दारू करते आणि शेवटी त्याच दारूत दमून मरते. तिच्यामागून येणारी ही दुसरी यीस्ट, ब्रेटॅनोमायसिस, वेगळ्या जातीची. सगळं जेवण आटोपल्यावर, पंगत उठल्यावर ती येते. साखर संपलेली, दारू चढलेली, हवा नाही. अशा ठिकाणी एरवी कोणी राहत नाही. ही राहते. उरल्यासुरल्या कणांवर जगते, लाकडाच्या भेगांत शिरून लाकडातली साखर खाते. केएमएस म्हणजे गंधकाचं औषध टाकलं की तिच्या पुष्कळ पेशी मरतात. ज्या मरत नाहीत त्या आक्रसतात, आकाराने लहान होतात, खाणं-वाढणं बंद करतात. कोणी बघितलं तर मेल्यासारख्या. औषधाचा जोर ओसरला की परत अंग ताणतात.

त्यात जालन्याचा उन्हाळा. ह्या उन्हात द्राक्षं गोडमिट्ट होतात पण त्यातला आंबटपणा निघून जातो, आणि आंबटपणा नसला की केएमएसची धारच जाते. दुपारी लाइट गेली की खोलीतला एसी बंद पडतो, पिंपं हळूहळू तापतात. प्रियदर्शनीने तीन वर्षांत औषध वाढवून बघितलं, बुचं बदलली, पिंपं गरम पाण्याने वाफवली, गंधकाच्या वड्या आत जाळल्या. दर वेळी महिना-दोन महिने बरं वाटे. मग एका सकाळी दार उघडलं की परत तोच वास.

ब्रेटॅनोमायसिसला प्रियदर्शनी नुसतं ब्रेट म्हणायची; साळूबाईला हे नाव पहिल्या दिवशीच नीट ऐकू आलं नव्हतं. तिने त्याचं भरत केलं होतं.

"मॅडम, मेला का तुमचा भरत?" ती रोज विचारायची.

"झोपलाय मावशी."

"माह्या बहिणीचा भरत बी असाच हाय. दहा हाका मारा, उठत न्हाई. जेवायचं म्हणलं की टुण्णदिशी उठून बसतो."

साळूबाई पन्नाशीच्या पुढची, हाडाने काटक, शेजारच्या गावाहून चालत येणारी. ती पिंपांना पोरांसारखं वागवायची. सकाळी आली की एकेका पिंपावरून हात फिरवायची, कुठून पाझरतंय का बघायची. लाकडातून वाइन थोडी थोडी उडून जाते, पिंपात वर पोकळी राहते, आणि पोकळी ठेवली तर माल आंबतो. म्हणून दर सोमवारी पिंपं परत काठोकाठ भरावी लागत. साळूबाई म्हणायची, "पिंपायला तहान लागती." भरणीचं ते काम प्रियदर्शनीने पहिल्या वर्षीच तिच्याकडे सोपवलं होतं आणि मग त्याकडे पाहिलंच नव्हतं. एक काम तरी असं होतं की ज्याची काळजी करावी लागत नव्हती.

एप्रिलमध्ये रामकिसनभाऊंनी दोघींना बोलावून सांगितलं. पुण्याचा एक मोठा दुकानदार महिनाअखेर माल चाखायला येणार होता. त्याला पटलं तर तो सगळी पिंपं बाटलीत भरून घेऊन जाणार होता.

"ताई, ह्या वेळेस तुम्ही हो म्हणलं तरच मी त्याला बोलावतो," भाऊ म्हणाले. "आन् माल बिघडलेला निघाला तर लाकूड बंद. बिलकुल बंद. नुसती पांढरी करू, स्टीलच्या टाकीत. पण त्याला दोन माणसं लागत न्हाईत, हे मी आत्ताच सांगतो."

साळूबाई मान खाली घालून पदराचं टोक पिळत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "दोन माणसं म्हंजे आपणच ना?"

"आपणच."

"मंग भरतला मारा ना एकदाचं."

प्रियदर्शनीने शेवटचा डोस जोरात दिला होता. त्यानंतर प्रत्येक पिंपातला नमुना काढून यीस्टचं खाद्य घातलेल्या प्लेटवर पसरला आणि इनक्युबेटरमध्ये ठेवला. ही यीस्ट संथ उगवते, म्हणून नेहमीपेक्षा जास्त दिवस वाट पाहिली. प्लेटा काढल्या तेव्हा सगळ्या स्वच्छ होत्या. एक ठिपका नाही. तिने त्या खिडकीजवळ नेऊन उजेडात धरल्या, तिरप्या करून बघितल्या. काही नाही. बियाणं कंपनीत असती तर तिने लिहून टाकलं असतं: उगवण शून्य.

वास मात्र होता. जुना वास कुठे जात नाही, तो वाइनमध्ये मुरलेलाच राहतो, हे तिला माहीत होतं. आणि चार-पाच पिंपांत तो इतका पुसट होता की दुकानदाराला मसालेदार वाटला असता. नवा वास तयार होतोय का, एवढाच प्रश्न होता, आणि प्लेट म्हणत होती, नाही. तिला त्या प्लेटवर विश्वास ठेवायची फार इच्छा होती. भाऊंना फोन करून हो म्हणावं, घरी जावं, झोपावं. गेल्या काही महिन्यांत तिला कुठेही बसलं की झोप यायची. काळीपिवळी जीपमध्ये दोन बायकांच्या मधे दाबून बसलेली असतानासुद्धा.

तिने फोन काढला आणि परत ठेवला. मग सातव्या पिंपातला थेंब काचेवर घेतला, त्यात निळा रंग मिसळला. मेलेली पेशी हा रंग पिऊन निळी होते. जिवंत पेशी रंग आत ठेवत नाही, ती पांढरीच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याच निळ्या होत्या. त्यांच्यामध्ये, इथे एक तिथे एक, बारीक, आखडलेल्या, बिनरंगाच्या. प्लेटवर यायला नकार देणाऱ्या आणि मरायलाही.

तिने डोळा काढला, चष्मा पुसला, परत बघितलं. मग दुसरं पिंप, तिसरं. थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच. आणि पहिल्यांदाच तिला एक गोष्ट खटकली. पिंपं वेगवेगळ्या जंगलांच्या लाकडाची होती, वेगवेगळ्या वर्षी आलेली. त्यातलं एक तर ह्या दिवाळीनंतर नवंकोरं आलं होतं. त्यात हे आलं कुठून?

ती उठून पिंपांच्या खोलीत गेली. सोमवार होता. साळूबाई सातव्या पिंपाचं बूच काढून, रबरी नळीने स्टीलच्या तांब्यात वाइन घेत होती. तांब्या भरला, तो तिने नव्या पिंपात ओतला, हलक्या हाताने, सांडू न देता. मग परत सातकडे आली.

"मावशी, सातमधून का घेताय?"

"भरणी करून राह्यले ना."

"पण सातमधून?"

साळूबाईने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने पाणी ओलं का असतं, असं विचारलं होतं. "तुम्हीच म्हणल्त्या. भरणीची टाकी रिकामी झाल्ती त्या वर्षी. मी विचारलं, आता कशातलं घालू, तर तुम्ही म्हणल्या, चांगल्यातलं घाला. आन् चांगलं तर सातच. भाऊ म्हणल्ते तवा, आठवत न्हाई का?"

आठवत होतं. तीन उन्हाळ्यांपूर्वी भाऊ एका पाहुण्याला घेऊन आले होते, आणि सातव्या पिंपातली वाइन पाहुण्याने तोंडात घोळवून मान डोलावली होती. लवंगेसारखा, थोडा धुरकट, थोडा कातड्याचा वास. भाऊ खूश झाले होते. मोठ्याने म्हणाले होते, "असाच वास सगळ्या पिंपांना आला पाहिजे!" प्रियदर्शनीनेही तेव्हा घोट घेतला होता, आणि तिलाही तो आवडला होता. ही यीस्ट पहिल्यांदा येते ती अशीच येते, लवंगेचा वास घेऊन. घोडी आणि शेळी नंतर येतात.

"म्हणून तुम्ही सगळ्यांत..."

"विरजण लावलं," साळूबाई सरळ म्हणाली. "दुसरं कसं येईल? एका घरचं दही चांगलं लागलं तर आपण वाटीभर मागून आणतो का न्हाई? तसंच. पहिल्यांदा एकेक तांब्या, मंग दर सोमवारी भरणीचं बी त्यातलंच, आन् सात खाली झालं की त्यात नवा माल. नवं पिंप आलं तवा आधी त्याला आतून सातच्या वाइननं माखून घेतलं. मडकं नवं असलं की दही धरत न्हाई ना."

प्रियदर्शनी शेजारच्या पालथ्या बादलीवर बसली.

"आणि मी औषध टाकायचे, त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर लगेच न्हाई लावायची!" साळूबाईला हा प्रश्न अपमानाचा वाटला. "औषधाचा भपका बसू द्यायची, आठ-पंधरा दिवस. गरम दुधात विरजण टाकतं का कोणी? मरतं ते. निवलं की मंग लावायची. एक सोमवार चुकवला न्हाई मी, मॅडम. सासू वारली तवा बी दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन लावून गेल्ते."

खोलीत एसीची घरघर चालू होती. प्रियदर्शनीला राग यायला हवा होता, आणि ती त्याची वाट बघत थोडा वेळ बसून राहिली. तो आला नाही. तीन वर्षं ती औषध टाकत होती आणि तीन वर्षं दुसरी बाई तितक्याच निष्ठेने ते निवण्याची वाट बघत होती. दोघींनी एकाच खोलीत, एकमेकींना न विचारता, केवढं काम केलं होतं.

"काय झालं?" साळूबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात भीती होती. "माह्या हातून काही झालं का?"

प्रियदर्शनीने सांगितलं. सोपं करून सांगितलं, पण खोटं न करता. तो लवंगेचा वास आणि हा शेळीचा वास एकाचेच आहेत, हे सांगितल्यावर साळूबाईने तांब्या खाली ठेवला. भरत सातमध्ये होता. औषधाने तो तिथे मरत नव्हता, आखडून बसत होता. आणि निवल्यावर तांब्यातून घरोघर जात होता.

"म्हंजे मीच पोचवला."

"हो."

"सगळ्यायला?"

"सगळ्यांना."

साळूबाईने सातचं बूच परत बसवलं. मग म्हणाली, "भाऊला सांगणार?" आणि लगेच, "न्हाई, सांगा. सांगावंच लागंल."

मळ्यात खरड छाटणी चालू होती. उघड्या पडलेल्या वेलींच्या रांगांमधून प्रियदर्शनी चालत गेली. ऊन डोक्यावर होतं. चालताना एक विचार तिच्या बरोबरीने चालत होता, आणि तो तिला ओळखीचा नव्हता. तीन वर्षांचं अपयश आता एका वाक्यात दुसऱ्याच्या पदरात टाकता येत होतं. बाईने विरजण लावलं. एवढंच म्हटलं तर पुरे होतं. लोक हसले असते, त्यांना प्रियदर्शनीची कीव आली असती, आणि एका माणसाची जागा उरली असती तर ती तिची असती. तिने तो विचार झटकला नाही. झटकायचीही ताकद नव्हती. तो बांधापर्यंत आला.

रामकिसनभाऊ हातात कात्री घेऊन मजुरांना दाखवत होते. तिला बघून बाजूला आले.

"झालं का? बोलावू त्याला?"

"नका बोलावू. प्लेटवर काही आलं नाही, पण आत जिवंत आहे. निजलंय."

"निजलंय तर निजू द्या की ताई! बाटलीत भरून बूच मारू. तिथं कोण उठवतंय त्याला?"

"कोणी उठवायला लागत नाही. पुण्याच्या दुकानात बाटली उन्हाळाभर उभी राहील, औषधाचा जोर कमी होईल, आपोआप उठेल. बाटलीवर नाव तुमचं असेल."

भाऊंनी एक काडी कात्रीने उगाच दोनदा कापली. "पण सगळ्याच पिंपांत कसं गेलं हो हे? नव्यात बी?"

तिने सगळं सांगितलं. तांब्या, सोमवार, निवण्याची वाट.

"ह्या बाईनं!" भाऊंचा आवाज चढला, मजुरांनी वळून बघितलं. "अक्कल हाय का तिला?"

"चांगल्यातलं घाला, हे मी सांगितलं होतं. चांगलं म्हणजे काय ते सांगितलं नाही, आणि तीन वर्षांत एकदाही जाऊन बघितलं नाही. आणि असाच वास सगळ्यांना आला पाहिजे, हे तुम्ही म्हणाला होता."

"मी चवीचं म्हणल्तो!"

"तिनंही चवीचंच केलं."

हसावं की ओरडावं हे भाऊंना ठरवता येत नव्हतं. शेवटी ओरडणंच जिंकलं. "ते काही न्हाई. उद्यापासून येऊ नको म्हणा तिला."

"मग मलाही नका सांगू यायला," प्रियदर्शनी म्हणाली. ती हे बाणेदारपणे म्हणाली नव्हती; आवाज सपाट होता. "सगळी पिंपं रिकामी करायची, खोली भिंतींसकट धुवायची, नळ्या जाळायच्या, टाक्या वाफवायच्या. एकटीनं मी नाही करू शकत भाऊ. आता अंगात नाही तेवढं. आणि दुसरा कोणी नवा आणला तर त्याला शिकवायचंही नाही होत माझ्याच्यानं."

रामकिसनभाऊंनी तिच्याकडे नीट बघितलं, बहुधा बऱ्याच महिन्यांनी. मग कात्री खिशात घातली.

"पिंपं गेली म्हणायची," ते म्हणाले.

"गेली."

"लई हौसेनं आणल्ती." ते वेलींकडे बघत राहिले. "हंगामापर्यंत राहा दोघी. मंग बघू."

काही दिवसांनी एक्साइजचे साहेब येऊन माल काढून टाकण्याच्या कागदावर सही करून गेले. नासलेल्या वाइनमधून स्पिरिट काढणाऱ्यांचा टँकर एका सकाळी शेडच्या मागच्या दाराला लागला. त्या सकाळी साळूबाई नेहमीपेक्षा आधी आली होती आणि पिंपांच्या खोलीबाहेर पायरीवर बसली होती. आत गेली नव्हती.

"भाऊ काय म्हणले ते परत सांगा," ती म्हणाली. तिने हे आधीही दोनदा विचारलं होतं.

"हंगामापर्यंत राहा म्हणाले."

"आन् मंग?"

"मग बघू म्हणाले."

साळूबाईने हिशेब केल्यासारखी मान हलवली. "बघू म्हणणारा माणूस काढत न्हाई लवकर."

"कधीकधी काढतो."

"काढंल मंग. तवर तर हाय." ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर खोचला. "बोला, कुठून धरायचं?"

नळी सातव्या पिंपाला लावावी की शेवटी ठेवावी, यावर प्रियदर्शनी क्षणभर थांबली. मग तिने सातलाच लावली. पंप सुरू झाला. गडद लाल वाइन नळीतून धावत टँकरकडे निघाली, आणि उघड्या बुचातून वास बाहेर आला. घोडी, शेळी, पट्टी, आणि सगळ्याच्या खाली, ज्याला माहीत आहे त्यालाच लागेल इतकी, लवंग. साळूबाईने नाकाला पदर लावला नाही. ती पिंपाला हात लावून, आतला आवाज रिकामा होत जाताना ऐकत उभी होती.

"आठ नंबरचं बूच घट्ट बसलंय," प्रियदर्शनी म्हणाली. "हातोडी आणा मावशी."

साळूबाई हातोडी आणायला गेली.